राक्षस आठव्याच भागात मेला

"बाबा, उद्या माका ढकलताना जरा हळू ढकला," मी म्हटलं. "काल तालमीत माजो खांदो दुखावलो."

"गप ऱ्हव गो. सुळो पडता," बाबा म्हणाले.

ते आपल्या ट्रंकेवर बसून, डाव्या हातात आरसा धरून राक्षस होत होते. कपाळाला पिवडीचा पिवळा रंग लावून झाला होता, गालांवर काजळाचे पट्टे ओढून झाले होते, भुवया पार कानापर्यंत पोचल्या होत्या, आणि आता खोटा सुळा बसवणं चाललं होतं. मुंबईहून आलेला मेकअपवाला कोपऱ्यात बसून विडी ओढत होता. बाबांनी पहिल्याच दिवशी त्याला सांगून टाकलं होतं की दशावतारी माणसाच्या तोंडाला दुसऱ्याचा हात लागत नाही. बिचाऱ्याला बसून पगार मिळत होता, त्यामुळे त्याची काही तक्रार नव्हती.

माझे बाबा लवू राऊळ बावीस वर्षं दशावतारी कंपनीत राक्षस होते. दिवाळी सरली, देवळांच्या जत्रा सुरू झाल्या की गावोगाव नाटक, आणि प्रत्येक नाटकात बाबांचा वध. बाबा साधेसुधे मरत नसत. आधी गदा हातातून सुटायची, मग एक गुडघा टेकायचा, मग पेटीवाल्याकडे बघून दमदार हुंकार, मग उठून पुन्हा एक फेरी. वीस मिनिटं मरायचे. लोक मुद्दाम त्यांचं मरण बघायला येत. एकदा शिरोड्याच्या बाजूला 'वन्स मोअर' आला तेव्हा ते उठून पुन्हा मेले होते.

मी नऊ वर्षांची होते त्या वर्षी मुंबईहून 'पाताळमणी' नावाच्या मालिकेचं युनिट कुडाळजवळच्या एका बंद काजू फॅक्टरीत येऊन उतरलं. राजकुमार, परी, उडता गालिचा, पाताळातला जादूचा मणी असा सगळा मामला होता. सव्वीस भाग, दर रविवारी. राजकुमार मुंबईचा होता, परी मुंबईची होती, पण काळदंश राक्षस काही त्यांना मुंबईत सापडेना. दिग्दर्शक प्रभुणे साहेबांनी कुठल्याशा जत्रेत बाबांना मरताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी जीप आमच्या दारात उभी राहिली.

बाबांनी कंपनी सोडली. मालक चिडले. "परत इलास तर काम देयन, पण रागसाचा नाय," म्हणाले, आणि नेरूरच्या एका दांडग्या पोराला बाबांचा मुकुट देऊन मोकळे झाले. बाबांनी मनावर घेतलं नाही. सव्वीस भाग काळदंश जिवंत राहणार होता आणि शेवटच्या भागात राजकुमाराच्या हातून मरणार होता. "सहा म्हयने मरूचा नाय!" असं ते गावात प्रत्येकाला सांगत होते. एवढं जगायची त्यांना सवयच नव्हती.

मी त्या मालिकेत घुसले ती माझ्या आगाऊपणामुळे. आईने दिलेला डबा घेऊन मी रोज फॅक्टरीवर जायचे. काळदंशाची मुलगी चंद्रिका म्हणून मुंबईहून एक गोरीपान मुलगी आणली होती. तिने बाबांचं तोंड पहिल्यांदा बघितलं आणि जे भोकाड पसरलं ते तिच्या आईने तिला गाडीत बसवेपर्यंत बंद केलं नाही. मी तेव्हा बाबांच्या मांडीवर चढून त्यांचा सुळा सरळ करत होते. प्रभुणे साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "हिलाच घ्या. नाहीतरी चार दिवसांचंच काम आहे."

चार दिवसांचं, कारण चंद्रिका आठव्या भागात मरणार होती. काळदंशाला पाताळमणी हवा असतो. मणी अग्निगुहेत असतो. आणि अग्निदेवाची अट असते की जो आपलं अपत्य आगीत टाकेल त्यालाच मणी मिळेल. काळदंश क्षणभरही विचार न करता मुलीला आगीत ढकलतो, मणी घेतो आणि खदाखदा हसतो. पुढचे अठरा भाग तो त्या मण्याच्या जोरावर राजकुमाराला छळतो. अशी ती गोष्ट होती.

आणि उद्या माझा मरायचा दिवस होता.

"बाबा," मी म्हटलं, "माका मरूचा नाय."

"मी खय तुका खरीच मारतंय? गुहेक पाठसून अर्जुन मेस्त्रीन खिडकी ठेवल्यान हा. आत गेलंस की खिडकीतसून भायर, खाली गादी. झालां."

"तां माका म्हायत आसा. पण परवापासून मी काय करू?"

"शाळेत जा."

शाळा हा काही वाद घालण्याजोगा विषय नव्हता, म्हणून मी सरळ रडायला सुरुवात केली. मी रडणं ठरवून सुरू करू शकत असे. पण त्या दिवशी ते मध्येच खरं झालं आणि मला थांबवता येईना. तेवढ्या दिवसांतच मला कळून चुकलं होतं की मला दुसरं काही करायचंच नाही. दिवा अंगावर पडला की मला जे काही व्हायचं ते शाळेत पहिला नंबर आल्यावरही झालं नसतं, आणि पहिला नंबर माझ्यापासून बराच लांब होता.

"मगे माका कंपनीत घेवा," मी हुंदके देत म्हटलं.

बाबांनी आरसा खाली ठेवला. ते अशक्य होतं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. दशावतारात बाईमाणसाला काम नाही. राणी असो, गवळण असो की देवी, लुगडं नेसून पुरुषच उभा राहतो. आमच्या कंपनीत राण्या करायचा तो बाबीमामा. दिवसातून दोनदा दाढी करायचा, तरी मध्यरात्रीपर्यंत राणीच्या हनुवटीवर हिरवी झाक यायची. मी सात वर्षांची असताना त्याची खोटी वेणी लावून एकदा पडद्याच्या आत शिरले होते, तेव्हा मालकांनी माझ्या दंडाला धरून मला बाहेर आणलं होतं. बाबा तिथेच राक्षसाच्या वेशात उभे होते. भर जत्रेत देवांना आव्हान देणारा माणूस त्या वेळी काही बोलला नव्हता.

"बघूया," बाबा म्हणाले.

आमच्या घरात 'बघूया' म्हणजे 'नाही' हे मला चांगलं ठाऊक होतं. मी नाक पुसलं आणि रुसून डब्यातली त्यांच्या वाटणीची सगळी घावनं खाऊन टाकली.

त्या दिवशी चित्रीकरण आटपल्यावर बाबा गुहा बांधणाऱ्या अर्जुन मेस्त्रीबरोबर विडी ओढायला गुहेच्या मागे गेले ते बराच वेळ आले नाहीत. मी जीपमध्ये बसून त्यांना हाका मारत राहिले.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. कथा काय आहे ते संध्याकाळी ठरतं, आणि बोलायचं ते ज्याचं त्याने, उभ्याउभ्या, समोरच्याचं ऐकून. बाबांना पाठांतर कधी ठाऊकच नव्हतं. प्रभुणे साहेबांनी त्यांना पहिल्या दिवशी टाईप केलेला कागद दिला तेव्हा त्यांनी तो आदराने कपाळाला लावून ट्रंकेत ठेवला. मग कॅमेरा सुरू झाल्यावर ते जे बोलले त्यात कागदावरचा एक शब्द नव्हता. दुसऱ्या टेकला त्यांनी पहिल्या टेकमधलाही एक शब्द येऊ दिला नाही. राजकुमार बिचारा आपली पाळी कधी येते याची वाट बघत तलवार धरून उभा. 'कट' म्हटलं तरी बाबा थांबत नसत, कारण बावीस वर्षांत त्यांना पेटी थांबल्याशिवाय थांबायला कुणी सांगितलंच नव्हतं.

"लवूबुवा, जे लिहिलंय तेच बोला हो," प्रभुणे साहेब हात जोडून म्हणायचे.

"तेच बोललो साहेब. फक्त शब्द वेगळे होते," बाबा म्हणायचे.

शेवटी साहेबांनी नाद सोडला. गोष्ट बदलू नका म्हणजे झालं, एवढंच त्यांनी बजावलं. बाबांनी मान डोलावली.

गुहेचा दिवस उजाडला. गोणपाट, बांबू आणि प्लास्टर यांची ती गुहा अर्जुन मेस्त्रीने आठ दिवस खपून बांधली होती, आणि ती खरोखरच जाळायची होती. म्हणजे शॉट एकदाच. चुकलं तर दुसरी गुहा नव्हती. प्रभुणे साहेब सकाळपासून काही खात नव्हते. त्यांनी सगळ्यांना ओळीत उभं करून, माझ्याकडे बोट दाखवत तीनदा सांगितलं, "येसू आत जाईल. मागच्या खिडकीतून बाहेर पडेल. मेस्त्री शिट्टी मारतील. शिट्टी वाजली की मागून गुहा पेटवायची. काय वाटेल ते झालं तरी कॅमेरा बंद करायचा नाही. समजलं?"

सगळ्यांना समजलं. बाबांनी तर सगळ्यांत आधी मान हलवली.

धूर सोडला. दिवे लागले. राजकुमार तलवार धरून एका बाजूला उभा राहिला. बाबांनी माझा दंड धरला आणि मला गुहेच्या तोंडापाशी ओढत नेलं. मी ठरल्याप्रमाणे "नको तात, नको!" असं ओरडत होते. चंद्रिका बापाला तात म्हणायची. आमच्या घरात असं कुणी म्हटलं असतं तर आईने त्याची दृष्ट काढली असती.

आता ढकलणार म्हणून मी डोळे मिटले आणि खांदा सैल सोडला. ढकललं कुणीच नाही. दंडावरचा हात मात्र सुटला. डोळे उघडले तर बाबा माझ्याकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून गुहेशी बोलत होते.

"अग्निनारायणा! त्रैलोक्याचं राज्य देतोस आणि मोल मागतोस माझ्या काळजाचा तुकडा? अरे, सिंहासनावर बसणार कोण? मी! मुकुट घालणार कोण? मी! आणि जळायचं कुणी, तर नऊ वर्षांच्या या पोरीनं? कुठल्या पाताळातला हा न्याय?"

कागदावर या जागी 'हा हा हा' एवढंच लिहिलं होतं. कॅमेऱ्यामागे प्रभुणे साहेबांचं तोंड उघडं पडलेलं मला दिसत होतं.

बाबा गर्रकन माझ्याकडे वळले. "चंद्रिके! आजवर हा बाप तुला दरडावत आला. आज एक गुपित सांगतो. मणी या गुहेत नाहीच! तो मी केव्हाच दुसरीकडे लपवला आहे. आणि त्याचं ठिकाण या त्रिभुवनात एकट्या तुला ठाऊक आहे!"

मला काडीचंही ठाऊक नव्हतं. पण बाबा समोरच्याकडे जसं बघायचे, 'आता तुझी पाळी' म्हणून, तसं ते माझ्याकडे बघत होते. जत्रेत त्या नजरेने त्यांनी देव, ऋषी, राजे सगळ्यांना बोलतं केलं होतं. माझ्याकडे त्यांनी तसं कधी पाहिलं नव्हतं.

"आणि तात, मी कुठे जाऊ?" मी विचारलं.

ते मला कुणी शिकवलं नव्हतं. आपोआप तोंडातून आलं. बाबांच्या काजळाच्या पट्ट्यांखाली कुठेतरी हसू फुटलेलं मला दिसलं.

"राजकुमाराकडे जा! त्याला वाट दाखव. तुझ्यावाचून तो मण्यापर्यंत पोचणार नाही. मण्यावाचून राज्य करता येतं बाळे, पण लेकरावाचून..." इथे त्यांचा आवाज फुटला. तो मुद्दाम फोडला होता की आपोआप फुटला, हे आजही मला सांगता येणार नाही. मग माझ्या कानाशी वाकून, ओठ न हलवता ते पुटपुटले, "रड गो आता. बघतंस काय?"

आणि त्यांनी मला गुहेपासून दूर, राजकुमाराच्या अंगावर ढकललं. हळू.

मग "बळीच हवा ना तुला, अग्निनारायणा? हा घे!" असं गरजून बाबांनी आत उडी मारली. दोन क्षण काही झालं नाही. मागून शिट्टी वाजली. गुहा भडकली.

मी रडले नाही. मी तोंडाचा आ करून नुसती बघत राहिले. राजकुमार मला धरून उभा होता आणि हळूच विचारत होता, "मी आता काय बोलू?"

गुहा जळून बसल्यावर बाबा फॅक्टरीला वळसा घालून समोरून आले. एक भुवई जळली होती आणि सुळा हातात होता. प्रभुणे साहेब कॅमेऱ्यामागून धावत पुढे आले.

"लवूबुवा, हे काय केलंत?"

"मेलो, साहेब."

"तुम्ही सव्विसाव्या भागात मरायचं होतं!"

"बोलता बोलता वाहवत गेलो," बाबा मान खाली घालून म्हणाले. "दशावतारी माणूस साहेब. जीभ जिकडे जाते तिकडे आम्ही जातो."

सगळं युनिट हसायला लागलं. मेकअपवाला तर खाली बसला. प्रभुणे साहेब हसले नाहीत. फॅक्टरीच्या ऑफिसात जाऊन त्यांनी मुंबईला लेखकाला ट्रंक कॉल लावला. फोनवर मोठ्याने बोलायची तेव्हा पद्धतच होती, त्यामुळे खिडकीखाली बसून मला सगळं ऐकू येत होतं.

"हॅलो! राक्षस मेला! ...राक्षस! ...हो, आठव्याच भागात! ...नाही, पोरगी जिवंत आहे! ...मणी? मणी गुहेत नाहीये! ...मला काय माहीत कुठे आहे, फक्त पोरीला ठाऊक आहे!" मग खिडकीतून डोकं बाहेर काढून त्यांनी मला विचारलं, "कुठे आहे गं मणी?"

"माका काय म्हायत?" मी म्हटलं.

अर्ध्या तासाने साहेबांनी बाबांना आत बोलावलं. त्यांचा चेहरा बराच निवळला होता.

"लवूबुवा, घाबरू नका. लेखक म्हणतो, तुम्हाला परत जिवंत करता येईल. संजीवनी आहे, मंत्र आहेत, काहीही आहे. दहाव्या भागात तुम्ही राखेतून उठता. तोपर्यंत पोरीला ऋषींच्या आश्रमात पाठवून देऊ. मग तिची गरज नाही. तुमचे सगळे भाग तुम्हाला मिळतील."

खिडकीखाली मी ताडकन उभी राहिले. आश्रम! आश्रमात गेलेली माणसं कधी परत येत नाहीत एवढं नऊ वर्षांच्या मुलीलाही कळत होतं.

"नको साहेब," बाबा म्हणाले.

"अहो, का?"

"आमच्याकडे राक्षस एकदा मेला की मेला. तो परत उठला तर बघणारा माणूस टीव्ही फोडील."

"पण ही जादूची मालिका आहे!"

"जादूतसुद्धा काही नियम असतात, साहेब. देवाधर्माचं काम आहे. माझ्याने नाही होणार."

शिरोड्याला 'वन्स मोअर' घेऊन दोनदा मेलेला माणूस हे बोलत होता. देवाशप्पथ, त्यांचा चेहरा इतका भाबडा होता की प्रभुणे साहेबांनी मुकाट्याने मान हलवली. "मग पोरगी पुढे न्यावी लागेल," ते म्हणाले. "अठरा भाग. जमेल तिला?"

"तिला विचारा," बाबा म्हणाले.

मी खिडकीतूनच ओरडले, "जमतला!" आणि उड्या मारत जीपकडे पळाले. खरं सांगते, त्या वेळी मला फक्त माझं वाचलं एवढंच कळलं. बाबांचं काय गेलं, याचा विचार माझ्या डोक्याला शिवलासुद्धा नाही. उलट घरी जाताना मी त्यांनाच फैलावर घेतलं.

"इतक्या मोठ्या कामात तुमी घोळ घातलास! आता लोक काय म्हणतले?"

"हसतले," बाबा म्हणाले आणि जळकी भुवई चोळत बाहेर बघत बसले.

लोक हसलेच. सव्वीस भागांचा राक्षस आठव्यातच आटपला, ही बातमी आमच्याआधी गावात पोचली होती. आईनेही सोडलं नाही. "इतकी वर्षां मेलास," ती भाकरी थापता थापता म्हणाली, "पण असे अवेळी कधी मरूक नाय होतास." बाबांनी तिसरी भाकरी मागून घेतली.

तिसऱ्या दिवशी माझा शॉट होता. बापाच्या राखेजवळ बसून चंद्रिका रडते, आणि मग डोळे पुसून राजकुमाराबरोबर निघते. अर्जुन मेस्त्रीने जळक्या गुहेतली राख गोळा करून छान ढीग केला होता. बाबा मला सोडायला आले होते. अंगात धुवट सदरा, हातात ट्रंक. तिथूनच ते कंपनीकडे जाणार होते. मालक काय काम देतात ते बघायचं होतं.

"ॲक्शन!" साहेब म्हणाले.

मी राखेकडे बघितलं. मग वर बघितलं. कॅमेऱ्याच्या मागे, ज्याची राख माझ्यासमोर होती तो माणूस धडधाकट उभा राहून पानाला चुना लावत होता. मला हसू आलं.

"कट!"

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा बाबांनी गंभीर चेहरा केला, तो तर फारच विनोदी होता. चौथ्यांदा साहेबांनी माझ्या डोळ्यांत औषध घातलं, तर मी डोळे चोळत हसले. ठरवून रडणारी मुलगी मी, पण जिवंत बापाच्या राखेवर रडायचं काही जमेना. प्रभुणे साहेबांचा चेहरा पडत चालला होता. त्यांनी सहायकाला विचारलेलं मी ऐकलं, "त्या मुंबईच्या मुलीचा पत्ता आहे का आपल्याकडे?" माझं हसू तिथल्या तिथे गेलं, पण रडू काही आलं नाही. नुसती भीती आली.

बाबांनीही ते ऐकलं होतं. ते पुढे आले.

"साहेब, मी असल्यावर ती रडणार नाही. मला तसंही जायचंय. मी दाराबाहेर पडलो की कॅमेरा चालू करा."

त्यांनी ट्रंक उचलली. माझ्याकडे येऊन ते काही सांगतील असं मला वाटलं. ते आले नाहीत. सरळ दाराकडे चालायला लागले.

अर्जुन मेस्त्री माझ्यासमोर वाकून विस्कटलेली राख नीट करत होता. बाबांच्या पाठीकडे बघून तो स्वतःशीच म्हणाला, "येडो माणूस. माका म्हणालो, खिडकी मोठी कर. म्हटलंय, तुजां चेडू बारीक आसा, इतकी खिडकी बस झाली. तर म्हणता, चेडू नाय, मी जातलंय. पण माजी शपथ आसा, कोणाक सांगू नको. आणि बघ, मी सांगून बसलंय!"

"कधी म्हणाले?" मी विचारलं.

"आदल्या दिवशी. विडी वडताना. म्हटलंय, लवू, तुजां काम जातला मरे. तर हसाक लागलो. म्हणता, माका मरूची सवय आसा अर्जुना, तिका नाय."

"मेस्त्री, बाजूला व्हा!" साहेब ओरडले. "ॲक्शन!"

फॅक्टरीचं मोठं दार माझ्या अगदी समोर होतं. बाहेर लख्ख ऊन होतं आणि त्या उन्हात बाबा चालले होते. ट्रंक जड होती म्हणून एका बाजूला कलले होते. कंपनीत त्यांच्या जागी दुसरा राक्षस उभा होता, इथे त्यांनी स्वतःच स्वतःला मारून टाकलं होतं, आणि मी त्यांना घोळ घातला म्हणून रागावले होते. आता ते कुठल्यातरी दरबारात भाला धरून उभे राहणार होते, आणि गावातले लोक त्यांना 'आठव्या भागातलो रागस' म्हणून हसणार होते. आणि मी इथे दिव्याच्या उजेडात बसले होते, कारण तिथे बसायला त्यांनी मला जागा करून दिली होती.

माझ्या तोंडून जो आवाज आला तो मी ठरवला नव्हता. चंद्रिका 'तात' म्हणायची, हे मी साफ विसरले.

"बाबाऽऽ!" मी ओरडले. "बाबानू, जाव नको! माका म्हायत नव्हता, बाबा! थांबा!"

मी राखेत हात घालून रडले, राख तोंडाला फासली गेली, राजकुमार पुढे यायचा तो आलाच नाही, नुसता बघत राहिला. कुणी 'कट' म्हटलं नाही. तो शॉट पुढे जसाच्या तसा टीव्हीवर दिसला, 'तात'च्या जागी 'बाबा' आणि मालवणीसकट. राक्षसांची खरी भाषा म्हणून लोकांना ती फार पटली.

कॅमेऱ्याला दिसलं नाही ते एवढंच. रस्त्यावर बाबांनी माझी हाक ऐकली. पाऊल अडलं, ट्रंक खाली टेकली, आणि ते माझ्याकडे पाठ करून तसेच उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. पण ते वळले नाहीत. वळले असते तर मी त्यांचा चेहरा पाहून धावत सुटले असते आणि शॉट वाया गेला असता, हे त्यांना कळत होतं. साहेबांनी अगदी हळू आवाजात 'कट' म्हटलं, तेव्हा त्यांनी ट्रंक उचलली आणि ते पुढे निघाले.